तेरावा चंबू

१

पेट्रोलचं युग सोमवार, दिनांक ९ एप्रिल २००१ रोजी सकाळी अकरा वाजता कोल्हापुरात संपलं. तशी घोषणा डॉ. केरबा सावर्डेकर यांनी रसायनशास्त्र विभागाच्या गच्चीवर, दोन वार्ताहर, एक छायाचित्रकार आणि दोरीवर वाळत घातलेले तीन ॲप्रन यांच्या साक्षीनं केली. घोषणेला वीस मिनिटं उशीर झाला, कारण डॉक्टरांची स्कूटर ताराराणी चौकात पेट्रोल संपून बंद पडली होती आणि ती त्यांना ढकलत आणावी लागली होती.

"यापुढं," घाम पुसत डॉक्टर म्हणाले, "गाड्या पाण्यावर धावतील! प्लॅटिनम नको, सोनं नको. तांबं, निकेल आणि भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं ते टायटॅनियम. तांबं तर आम्ही शिरोली एमआयडीसीतल्या जळक्या मोटारीच्या तारेचं घेतलंय. याची ही पावडर. चिमूटभर पाण्यात टाकायची, उन्हात ठेवायची. ऊन पाणी फोडतं, हायड्रोजन वर येतो. बघा आता."

सगळ्यांनी बघितलं. काचेचा गोल बुडाचा चंबू लोखंडी कड्यात बसवला होता. त्यातून निघालेली रबरी नळी पाण्याच्या टबात पालथ्या घातलेल्या परीक्षानळीत शिरली होती. हायड्रोजननं तिथं यायचं होतं.

दहा मिनिटं झाली, वीस झाली. पंचविसाव्या मिनिटाला एक बुडबुडा आला आणि डॉक्टर "आला!" म्हणून ओरडले. तो एका वार्ताहराचा पाय टबाला लागल्यामुळं आला होता. छायाचित्रकारानं वेळ वाया जाऊ नये म्हणून ॲप्रनांचा फोटो काढला. पावणेबाराला मंडळी उठली. "युग संपलं की फोन करा," एक वार्ताहर जिन्यावरून म्हणाला.

डॉक्टर गच्चीच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "चोरी झालीय. माझी पावडर कुणीतरी बदललीय."

हे ते ज्यांना म्हणाले, ते पिराजीराव खराडे गच्चीवरच होते. निवृत्त फौजदार आणि केरबांचे तालमीतले जोडीदार. निवृत्तीनंतरची दोन वर्षं रोज चार वाजता ते विभागात चहाला येत आणि "माझ्या नजरेतून काही सुटत नाही" हे वाक्य एकदा तरी बोलून जात. त्यात खोटं नव्हतं. कागलच्या बाजारातून चोरीला गेलेली म्हैस त्यांनी शंभर म्हशींतून नुसत्या रवंथ करण्याच्या लकबीवरून ओळखली होती. म्हशीच्या मालकालाही ती ओळखता आली नव्हती.

"पावडर कोण हाताळतं?" पिराजीरावांनी विचारलं.

"प्रसेनजीत. प्रयोग सगळे तोच करतो. आज तेवढा मी स्वतः मांडला. पेपरवाले येणार म्हटल्यावर."

प्रसेनजीत कुरणे कठड्याशी उभा होता. अठ्ठावीस वर्षांचा, मुरगूडचा, डॉक्टरांच्या हाताखाली चार वर्षं संशोधन करणारा.

"सर, मी म्हणालो होतो, आजचं मी माझ्या पद्धतीनं करतो," तो हळूच म्हणाला.

"बॅग कुठाय तुझी?" पिराजीराव म्हणाले.

बॅग आली. त्यात एक शब्दकोश, एक टॉवेल, एसटीचा पास आणि जेवणाचा डबा होता. पिराजीरावांनी खिशातली पेन्सिल काढली, तिच्या टोकानं डब्याचं झाकण उचकटलं आणि टोकानंच भाकरी उचलून खाली बघितलं. भाकरीखाली तोंडीलावण्याचं कोरड्यास होतं. पावडर नव्हती. डॉक्टर, खांद्याला पर्स लावलेल्या संयोगिता मॅडम, परिचर गुंडू, सगळे बघत होते. प्रसेनजीतनं डबा बंद केला, बॅग भरली आणि विचारलं, "जाऊ?"

"बोलावल्याशिवाय येऊ नकोस," डॉक्टर म्हणाले.

तो गेल्यावर त्यांनी पिराजीरावांच्या हातात एक टाइप केलेला कागद दिला. "गुरुवारी दुपारी तीनला प्रयोग तपासायला दिल्लीची समिती येतेय. तोवर हायड्रोजन निघाला नाही, तर आकडे या पोरानं खोटे लिहिले असं मी लिहून देणार. त्याची नोंदणी रद्द. चार वर्षांवर पाणी."

"आणि तुझं काय?"

"माझं काय? मी फक्त सह्या केल्यात."

२

मंगळवारी पिराजीराव प्रयोगशाळेत बसले. कपाटाचं कुलूप बघितलं, ते शाबूत होतं. फळीवर गोल बुडाचे चंबू ओळीनं कड्यांत बसले होते, प्रत्येकावर लाल रंगानं आकडा. त्यांनी मोजले. एक ते बारा, एकही कमी नाही. खिडकीच्या चौकटीवर मुंग्यांची रांग होती, तीही त्यांनी बघून ठेवली. तपासात काय कामाला येईल सांगता येत नाही.

मग त्यांनी प्रसेनजीतची प्रयोगवही उघडली. अक्षर मोत्यासारखं. तारीख, ऊन, पावडरचं वजन, चंबूचा क्रमांक, निघालेला वायू, असे रकाने. वीस प्रयोग. नऊ वेळा वायू निघाला नव्हता, अकरा वेळा निघाला होता. आणि पानागणिक खाली डॉक्टरांची सही, तिचा शेवटचा फाटा पुढच्या पानावर जाईल एवढी लांब.

चारला चहा आला. विभागात कप नव्हते, काच मात्र भरपूर होती. त्यामुळं चहा बीकरमधून प्यायची जुनी रीत होती. प्रयोगशाळेचा परिचर गुंडू गडहिंग्लजकडचा. तो मोठ्या बीकरमध्ये गूळ घालून चहा उकळायचा आणि ओतायचा. कुणाचं भांडं कुठलं, हे पिराजीराव डोळे मिटून सांगू शकत. डॉक्टरांचा अडीचशे मिलिलिटरचा, संयोगिता मॅडमचा शंभरचा, त्यांचा स्वतःचा दीडशेचा, टवका उडालेला. झाली यादी.

चहाचा दुसरा घोट घेताना त्यांचा हात थांबला. त्यांनी वही पुन्हा उघडली, मागून पुढं चाळली, आणि केरबांना हाक मारली.

"हे बघ. न निघालेल्या नऊ प्रयोगांत चंबूचा नंबर लिहिलाय. तीन, आठ, अकरा, जो असेल तो. आणि निघालेल्या अकराही प्रयोगांत रकाना रिकामा!"

"मग?"

"अरे, तेहेतीस वर्षं मी खोटे जबाब ऐकलेत. खोटं बोलणारा मोठ्या गोष्टी नीट रचतो, बारीक गोष्ट विसरतो. जो प्रयोग झालाच नाही, त्याला चंबू कुठला असणार?"

केरबांनी निःश्वास सोडला. माणूस चोर नसून खोटारडा निघाला म्हणून एवढं बरं वाटलेलं पिराजीरावांनी आजवर पाहिलं नव्हतं. "म्हणजे माझी पावडर मुळातच..." असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांचा निःश्वास अर्ध्यावर अडकला.

दारातून आवाज आला. "सर, पावडर अस्सल आहे."

दारात डॉ. संयोगिता माने उभ्या होत्या, विभागातल्या दुसऱ्या प्राध्यापक. त्यांचा चेहरा उतरला होता.

"तुला काय ठाऊक?" केरबांनी विचारलं.

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या, "कारण ती मी चोरलीय."

३

"एकदा नाही, तीनदा," संयोगिताबाईंनी सांगून टाकलं. केरबांना त्यांनी बाहेर जायला लावलं होतं. "चमचा चमचा. कुंकवाच्या डबीत घालून नेली. काल गच्चीवरही डबी माझ्या पर्समध्येच होती. प्रसेनजीतला जमतंय आणि मला नाही, हे मला सोसवेना, काका. पंधरा वर्षं झाली मला शिकवायला."

पिराजीरावांनी अनेक कबुल्या ऐकल्या होत्या, पण कुंकवाची डबी टेबलावर ठेवून दिलेली ही पहिली.

"पावडर तपासलीत?"

"तपासली. कालचीसुद्धा. तांबं तेवढंच, निकेल तेवढंच. बदललेली नाही."

"आणि तुम्हाला वायू मिळाला?"

"एक बुडबुडा नाही. दोन नंबर, सात नंबर, नऊ नंबर, तिन्ही चंबू चकचकीत. पाणी तेच, ऊन तेच."

पिराजीराव मागे रेलले. "मग झालं तर. त्यानं आकडे मनानं लिहिले."

"नाही लिहिले." बाईंचा आवाज चढला. "डिसेंबरात माझ्यासमोर गच्चीवर त्यानं परीक्षानळी काढली, काडी लावली. फट् झालं. हायड्रोजनशिवाय तसं वाजत नाही. गुंडूमामा दचकून दोन पायऱ्या खाली उतरले. मी त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही."

पावडर तीच. पाणी तेच. ऊन तर सगळ्या जिल्ह्याला एकच. एकाला हायड्रोजन मिळतो, दुसऱ्याला मिळत नाही.

"बदललं काय मग?" ते स्वतःशीच म्हणाले, आणि उत्तरही त्यांनीच दिलं. "माणूस. त्याच्याच हाताला येतं, म्हणजे तो हातानं काहीतरी करतो. काहीतरी घालतो गुपचूप. अशा माणसांचं..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. संयोगिताबाई त्यांच्याकडं बघत होत्या.

"कशा माणसांचं, काका?"

"म्हणजे... लबाड माणसांचं."

"रसायनाला माणूस कळत नाही," बाई म्हणाल्या. डबी उचलून त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "तुम्ही काल डबा पेन्सिलीनं का उघडलात?"

"तपासाची पद्धत असते ती."

"असं होय," बाई म्हणाल्या.

घरी जाताना पिराजीरावांनी ही पद्धत आठवून बघितली. सराफांच्या तिजोऱ्या, पुढाऱ्यांच्या गाद्या, एका महाराजांच्या मठातलं पिठाचं पिंप, सगळं त्यांनी कोपरापर्यंत हात घालून तपासलं होतं. पेन्सिल कधी वापरली होती, ते काही आठवेना. आठवेना तसे कान तापत गेले. बिंदू चौकात ओळखीच्या पानवाल्यानं "काय फौजदार, ऊन लागलं काय?" म्हणून विचारलं.

४

बुधवारी गुंडूची पाळी होती. पन्नाशीचा, काटक, आणि स्वच्छतेबद्दल हळवा.

"चंबूस्नी कोन कोन हात लावतं?" पिराजीरावांनी त्याच्याच बोलीत सुरुवात केली.

"म्या धुतो, म्याच लावतो. आधी शिंकमधी साबनानं, मग बुरसानं, मग ॲसिडानं, मग तीन पान्यांनी. आरशागत. तोंड बघून भांग पाडा तुमी. बारा चंबू, बारा! चार वर्सांत एक फुटला न्हाय."

"आणि प्रसेनजीत? तो वापरतो की चंबू."

"वापराय कशाला पायजेल? पोरांच्या प्रॅक्टिकलला लागत्यात. एकांदा मोकळा असंल तर देतो की. न्हाय तर त्येचं त्येच्याजवळ हाय."

पिराजीरावांनी हे लिहून घेतलं आणि त्याचा अर्थ न लागता पुढं गेले. चार वाजत आले होते. गुंडू उठला, चहा उकळला, तिघांचे बीकर भरले. तळाशी गुळाचा दाट गाळ उरला. सवयीनं तो मोठा बीकर घेऊन खिडकीकडं गेला, उंचावरून तो गाळ ओतायला बीकर तिरका केला, आणि एकदम थांबला.

"आरं तिच्या," तो म्हणाला. "त्यो न्हाय न्हवं आज."

"कोण?" पिराजीरावांनी विचारलं.

"परशा. कुरने."

खिडकीच्या कोपऱ्यात, पडद्याच्या आड, सुंभाच्या चुंबळीवर एक गोल बुडाचा चंबू बसला होता. पिराजीरावांनी तो बघितला. नीट बघितलं तर तो त्यांनी दोन वर्षं रोज बघितला होता. त्या चंबूतून प्रसेनजीत रोज चहा पीत होता. गोल बूड टेबलावर ठेवता येत नाही, म्हणून चहा संपेपर्यंत गरम काच दोन्ही हातांत आळीपाळीनं धरत, खिडकीशी उभा राहून. समोर तीन खुर्च्या आणि एक रिकामं स्टूल असायचं.

ते उठले. चंबूकडं हात नेला. हात वाटेत अर्धा क्षण थांबला. कुणाच्या लक्षात आलं नाही, पण म्हैस ओळखणाऱ्या माणसाच्या लक्षात आलं. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि उजेडात धरला. तळाशी तपकिरी, चिकट थर होता. मुंग्यांची रांग थेट आत उतरली होती.

"हा धुतोस का?"

"त्यो त्येचा त्योच धुतो. गच्चीवर टाकीच्या नळाखाली खळबळतो."

"सिंकमध्ये का नाही? ब्रशनं का नाही?"

"बुरूस बारांचा हाय, सायब."

"आणि यावर नंबर का नाही?"

गुंडूला प्रश्नच कळला नाही. सूर्य कुठून उगवतो असं कुणी विचारल्यासारखं त्यानं पिराजीरावांकडं बघितलं.

"त्यो मोजायचा न्हाय," तो म्हणाला.

पिराजीरावांनी वही ओढली. अकरा रिकामे रकाने. प्रयोग झाला नव्हता म्हणून नव्हे. जो चंबू वापरला, त्याला नंबरच नव्हता म्हणून.

"संयोगिताबाई!" ते ओरडले. "चार नंबरचा चंबू घ्या आणि गच्चीवर या. आणि गुळाचा खडा आणा!"

५

चार नंबरचा चंबू तोच होता, सोमवारी ज्यानं युग संपवायला नकार दिला होता. त्यात पाणी, पावडर आणि बोराएवढा गूळ पडला. कललेलं का होईना, पण एप्रिलचं ऊन होतं. सात मिनिटांनी टबातल्या नळीत पहिला बुडबुडा आला. टबाला कुणाचा पाय लागला नव्हता. अर्ध्या तासानं संयोगिताबाईंनी नळी काढून काडी लावली. फट्!

केरबा धावत वर आले. "निघाला?"

"निघाला," बाई म्हणाल्या. "नुसत्या पाण्यावर नाही, सर. आपण मूर्ख आहोत. ऊन पडलं की पावडरीतले इलेक्ट्रॉन जागेवरून उठतात आणि पाण्यातला हायड्रोजन सोडवायला निघतात. पण मागं जागा रिकामी राहते, म्हणून निम्म्या वाटेतून परत येऊन बसतात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना? तसा गूळ त्यांच्या जागेवर रुमाल टाकतो. परतायची सोय राहत नाही, मग ते काम करतात. स्वच्छ चंबूत रुमाल टाकणारं कुणी नव्हतं."

केरबांनी क्षणभर विचार केला, आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे दोष भांड्याचा! लिहून टाकतो." त्यांनी खाली जाऊन कागद ओढला आणि मोठ्यानं वाचत लिहिलं, "संशोधक विद्यार्थ्याने अस्वच्छ भांडे वापरल्यामुळे निष्कर्ष दूषित झाले. प्रस्तुत विभाग यास जबाबदार नाही."

"थांब," पिराजीराव म्हणाले. "दार लाव. गुंडू, बस. स्टुलावर बस. बाई, तुम्हीपण."

रहस्यकथेत अशी वेळ येते, तेव्हा गुप्तहेर शेकोटीकडं पाठ करून उभा राहतो. इथं शेकोटी नव्हती. पिराजीराव सिंककडं पाठ करून उभे राहिले.

"भांडं अस्वच्छ का होतं? ब्रश मिळाला नाही म्हणून. ब्रश का मिळाला नाही? ते तेरावं भांडं होतं म्हणून. तेराव्याला नंबर नाही, कडं नाही, सिंक नाही. त्यात चहाही शेवटचा, उंचावरून, तळाच्या गुळासकट. आणि प्रयोगाला चंबू मागितला की बारा मोजून ठेवलेले असायचे. म्हणून त्यानं स्वतःच्या चहाच्या चंबूत प्रयोग केला. हायड्रोजन त्यातून निघाला. आता सांगा, हे वेगळं भांडं कुणी ठेवलं?"

गुंडू रडायच्या बेतात आला. "मला कुनी ठेव म्हटलं न्हाय, सायब. आमच्याकडं तसंच... आन् कुनी नगं बी म्हटलं न्हाय."

"मी तर कधी बघितलंच नाही," केरबा म्हणाले. "मी कामात असतो."

"वीस पानांवर सह्या केल्यास. अकरा पानांवर तो चंबू आहे."

"मी बघितलं होतं," संयोगिताबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे टेबलावर होते. "पहिल्याच आठवड्यात. त्यानंतर मी खिडकीकडं पाठ होईल अशी खुर्ची घेत आले."

सिंकचा नळ टिपटिपत होता.

"तीन झाले," पिराजीराव म्हणाले. "चौथा राहिला. तो दोन वर्षं रोज चारला इथं येतो. समोर बसतो. माझ्या नजरेतून काही सुटत नाही म्हणतो. आणि संशय घ्यायची वेळ आली, तेव्हा पहिली बॅग कुणाची उघडली? पाच माणसं होतो गच्चीवर. बाईंच्या पर्समध्ये चोरलेली पावडर होती, खरीखुरी! ती पर्स उघडावी असं त्याच्या मनातही आलं नाही. त्यानं डबा उघडला. पेन्सिलीनं." "तेहेतीस वर्षांत एवढा सोपा तपास मी केला नव्हता. सगळा पुरावा खिडकीत होता, आणि आरोपींपैकी एक चहा पीत तपास करत होता."

"पिऱ्या," केरबा कळवळून म्हणाले, "हे सगळं दिल्लीच्या समितीपुढं? अरे, विभागाची अब्रू..."

"तीच लिहितोय. घे पेन. गूळ कुठून आला ते लिही, आणि का आला तेही. चौघांच्या नावानं. नाही तर मी उद्या तीनला येऊन तोंडी सांगतो. माझा आवाज तुला ठाऊक आहे."

कागद तीनदा लिहावा लागला. केरबांनी पहिल्या खेपेला 'काही कारणाने स्वतंत्र ठेवलेले भांडे' असं लिहिलं, दुसऱ्या खेपेला 'विभागातील प्रथेनुसार'. तिसऱ्या खेपेला जे घडलं होतं ते लिहिलं. गुंडूनं अंगठ्याला शाई लावायला घेतली, मग आठवून सही केली, त्याला येत होती. सगळ्यांत शेवटी केरबांनी केली. तिचा फाटा जागच्या जागी थांबला.

नोंदणी रद्द करायचा टाइप केलेला कागद पिराजीरावांनी स्वतः फाडला. पण चार वर्षं ज्याची होती, त्याला हे अजून ठाऊक नव्हतं. आणि ते सांगायला कोण जाणार, असं विचारलं तेव्हा तिघेही त्यांच्याकडंच बघायला लागले.

६

गुरुवारी सकाळी सातच्या एसटीनं पिराजीराव मुरगूडला निघाले. वाटभर भाषण तयार करत होते. सुरुवात 'बाळ' नं करावी की 'कुरणे' नं, यावर कागल गेलं. 'माफी' हा शब्द आधी घ्यावा की शेवटी, यावर पुढची वाट संपली.

घर सापडलं. दारात साठीची बाई शेंगा निवडत बसली होती. प्रसेनजीतची आई, यल्लव्वा.

"प्रसेनजीत आहे का? मी कोल्हापूरहून..."

यल्लव्वानं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "तुमीच व्हय फौजदार?"

"हो."

"सोमवारी माझ्या हातचं कोरड्यास उघडून बघितलासा म्हनं. कसं झालतं?"

पिराजीरावांचं भाषण इथंच निम्मं सांडलं. "मी... चाखलं नाही."

"मग कशाला उघडलासा?" ती म्हणाली आणि शेंगांकडं वळली. "वर हाय. जिना मोडकाय, पडशीला. पोलीस म्हनून काय जिना ऐकत न्हाय."

जिना कुरकुरला. धाब्यावर, घराच्या सपाट छतावर, प्रसेनजीत उकिडवा बसला होता. समोर विटांच्या आधारानं एक साधी काचेची बाटली, नळी, पाण्याचं पातेलं, पालथी परीक्षानळी. बाटलीतलं पाणी गढूळ, मातकट होतं. उन्हात बारीक बारीक बुडबुडे सुटत होते. त्यानं मान वर केली, बघितलं, आणि पुन्हा घड्याळाकडं बघितलं.

"गूळ?" पिराजीरावांनी विचारलं.

"मळी. गुऱ्हाळात उकळताना वर येते ती. फेकूनच देतात. गुळापेक्षा बरी चालते."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"जानेवारीत कळलं. नऊ वेळा नंबरच्या चंबूत करून बघितलं, तेव्हा."

"मग सांगितलं का नाहीस, लेका? चार वर्षं पणाला लागली तुझी!"

प्रसेनजीतनं नळी जरा सरळ केली. "काय सांगणार? साखर कुठून आली, असं पहिला परीक्षकच विचारणार. माझ्या चहाच्या चंबूतून, म्हणायचं. चहाला चंबू का, म्हणणार. मग ते सगळं प्रबंधात लिहायचं. पान नंबर घालून." तो थांबला. "मला लाज वाटायची, सर. मलाच. कसली, ते कळायचं नाही, पण वाटायची. म्हणून रकाना मोकळा सोडला. म्हटलं, सही करताना कुणीतरी विचारेल."

पिराजीरावांनी कागद पुढं केला. त्यानं हात पुसून घेतला आणि वाचला. एकदा, मग पुन्हा एकदा, सावकाश. सगळ्या सह्या बघितल्या. पिराजीरावांच्या नावाशी त्याची नजर थांबली, आणि मग त्यानं कागद घडी घालून खिशात ठेवला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. निदान पिराजीरावांना तरी वाचता आलं नाही, आणि आपल्याला काय काय वाचता येत नाही याची त्यांना आता बरीच कल्पना आली होती.

ते उन्हात उभे राहिले. टोपी काढली. आता 'बाळ' किंवा 'कुरणे' काहीच ओठांवर येईना.

"तीनला समिती आहे," ते म्हणाले. "तू ये. त्यांना तू सांग. पण त्याआधी मला बोलू दे. मी दोन वर्षं तुझ्यासमोर बसून चहा प्यालो. रोज. मला दिसत होतं आणि मी बघत नव्हतो. आणि सोमवारी सगळ्यांसमोर तुझा डबा मी ज्या रीतीनं... ती पद्धत नव्हती. पद्धत असती तर मला तोंड दाखवायला जागा होती. मी चोर पकडायला आलो होतो, प्रसेनजीत, आणि मी..."

आवाज फाटला. डोळे भरून आले. तेहेतीस वर्षांत जो माणूस कुणापुढं वाकला नव्हता, तो वाकायला लागला.

प्रसेनजीत परीक्षानळीकडं बघत होता. त्यातलं पाणी खाली सरकायचं थांबलं होतं. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या, बाटलीच्या तोंडाशी कान नेला.

"बाराच्या एसटीनं जाऊ," तो म्हणाला. "तोवर हे रीडिंग घेऊ दे. खाली बसा, आणि एवढं बूच दाबून धरा जरा. गळतंय."